दुपट्ट्याखालचे केस : पन्नाशीनंतर विरळ का होतात?

आमच्या मालवण किनाऱ्यावर दादी-नानी एकत्र जमल्या की गुडघे, शुगर, बीपी सगळं बोलणं होतं. केसांचं मात्र कोणी काढत नाही. "डोक्यावर दुपट्टा असतो, कोणाला दिसतंय?" एवढ्यावर विषय मिटतो. खरी गफलत इथेच होते.

दिवसाला 50 ते 100 केस गळणं नैसर्गिक आहे. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, केस बारीक होतात, भांग रुंद दिसू लागतो. बायकांना पुरुषांसारखं पूर्ण टक्कल सहसा पडत नाही. हे झालं वयाचं. पण केस अचानक मूठमूठ हातात येऊ लागले तर दोन-तीन महिने मागे जाऊन बघा : मोठा ताप, ऑपरेशन, घरातली मय्यत? अशी गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते. सोबत थकवा, दम लागणं, थंडी वाजणं असेल तर हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्याच.

2025 च्या जानेवारीत बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात लोकांना काही दिवसांतच टक्कल पडू लागलं. आधी संशय पाण्यावर आणि शाम्पूवर. आयसीएमआरचं पथक आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पुढे रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. तो प्रकार वेगळा, वयाशी संबंध नसलेला. पण तिथेही शोध पोटात गेलेल्या अन्नापर्यंत पोहोचला.

खोबरेल तेलाने केस कमी तुटतात, पण गेलेला केस त्याने उगवत नाही. माका-जास्वंद घालून उकळलेल्या तेलाचंही तेच, वास छान येतो एवढं नक्की! बांगडा, अंडी, डाळ ताटात हवीच. जेवल्याबरोबर चहा मात्र नको, त्याने लोह अंगी लागत नाही. लिंबू पिळलं तर उलट फायदा होतो. दुपट्ट्याने केस जात नाहीत. ओले केस घट्ट ओढून बांधलेल्या अंबाड्याने जातात. साधी मेंदी चालेल, "काळी मेंदी" म्हणून मिळणाऱ्या पुडीत बहुतेकदा रासायनिक रंग असतो, खाज आली तर लगेच बंद करा.

मिनॉक्सिडिलचा उपयोग होतो, पण फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि सोडलं की केस पुन्हा विरळ होतात. ते डॉक्टरांना विचारूनच लावावं. दवाखान्यात जाताना अम्मींच्या चालू गोळ्यांची पिशवी सोबत न्या. बीपीच्या किंवा रक्त पातळ करण्याच्या काही गोळ्यांनीही केस गळतात. म्हणून त्या गोळ्या घरच्या घरी बंद करू नका, डॉक्टरच बदलून देतील.