चमक बाटलीची की धुण्याची?



आजचा विषय कळल्यावर आमच्या एका जुन्या सहकाऱ्यांचा फोन आला. म्हणाले, "आयुष्यभर न्यायशास्त्र शिकवलंत आणि आता गाडी पुसायच्या बाटलीवर व्याख्यान देणार?" आम्ही म्हटलं, हो, त्याच्यावरच. एखादी गोष्ट खरी मानायची ती कशाच्या जोरावर, हाच तर प्रमाणशास्त्राचा प्रश्न. आणि हा प्रश्न हल्ली पोथीपेक्षा दुकानाच्या फळीसमोर जास्त वेळा पडतो.

कुरकुंभात तर तो रोजचाच आहे. पुणे-सोलापूर महामार्ग गावावरून जातो, दौंड-बारामती रस्ता इथंच त्याला मिळतो, शेजारी एमआयडीसी, आणि गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्या. सकाळी पुसलेली गाडी फिरंगाईच्या देवळापर्यंत जाऊन येते तोवर मातकट झालेली असते. मग मोबाईलवर जाहिरात दिसते: मळकी गाडी, बाटलीतून दोन फवारे, कापडाचा एक हात, आणि पत्र्यात तोंड दिसतं! धुवायला नको, पाणी नको, मेहनत नको. घ्यावी की न घ्यावी?

आधी आमचीच फजिती सांगतो. आम्ही अशी एक बाटली घेतली. नाव सांगत नाही, कारण चूक आमची होती. बॉनेटवर दोन दिवसांची धूळ तशीच. वरून फवारलं, जुनं बनियन घेतलं आणि गोल गोल घासलं. संध्याकाळी गाडी झकास दिसली. दुसऱ्या दिवशी दहाच्या उन्हात बघतो तर बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा. आमचा भाचा टुरिस्ट गाडी चालवतो. तो म्हणाला, "मामा, तुम्ही गाडी पुसली नाही, वाळूनं घासली." त्याची स्वतःची गाडी कर्जावर आहे. चार-पाच वर्षांनी ती विकताना रंग बघूनच भाव पाडतात. त्यामुळे त्याच्यासाठी हा हौसेचा नव्हे, पोटाचा प्रश्न आहे. त्यानंच आम्हाला विचारलं, "मग हे घ्यायचं की नाही, ते तुम्ही नीट शोधून सांगा." आजचं बोलणं त्यातून निघालं.

प्रथम, चमक म्हणजे काय ते बघू. हल्लीच्या गाडीचा रंग थरांचा असतो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर एक पारदर्शक थर. त्याला गॅरेजवाले क्लिअर कोट म्हणतात. हा वरचा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही पातळ. आपल्याला दिसते ती चमक याच थराची. पृष्ठभाग सपाट असेल तर प्रकाश एका दिशेनं परततो आणि तोंड दिसतं. त्यावर धूळ असेल किंवा ओरखडे असतील तर प्रकाश वाटेल तिकडे फाकतो आणि रंग फिका, पांढुरका दिसतो.

आता बाटलीत काय असतं? बहुतेक बाटल्यांत पाणी, थोडं साबणासारखं द्रव्य, आणि सिलिकॉनचं तेल, मेण किंवा तत्सम काही. मेण म्हटलं की कार्नौबाचं नाव येतं. ते ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण. 'सिरॅमिक' लिहिलेल्या बाटलीत सिलिका किंवा सिलिकॉनची संयुगं असतात. ही द्रव्यं अगदी बारीक रेषांत भरतात, पृष्ठभाग थोडा सपाट होतो, हात लावला तर गुळगुळीत लागतो आणि रंग गडद दिसतो. नदीतला गोटा ओला असताना कसा काळाभोर दिसतो? वाळला की पुन्हा राखाडी. तसाच हा प्रकार. म्हणजे फवाऱ्यात काहीच नाही असं आम्ही म्हणत नाही. काहीतरी आहे, पण ते किती आहे आणि किती दिवस टिकतं, हा खरा प्रश्न.

इथे आपलं जुनं शास्त्र उपयोगी पडतं. नैयायिकांनी ज्ञानाची चार साधनं मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. पण कुणाचंही सांगणं प्रमाण नव्हे. सांगणारा आप्त हवा. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का! ज्याला ती गोष्ट स्वतः माहीत आहे आणि जशी आहे तशी सांगायचीच ज्याची इच्छा आहे, तो आप्त. जाहिरातवाल्याला पहिली अट लागू असेलही, दुसऱ्या अटीबद्दल मात्र शंका घ्यायला जागा आहे, कारण त्याला बाटली विकायची आहे. तो खोटंच बोलतो असं नाही. पण त्याच्या शब्दाला दुसऱ्या प्रमाणाचा आधार हवा.

"पण आम्ही डोळ्यांनी बघितलं ना, सर!" असं कुणी म्हणेल. काय बघितलंत? मळकी गाडी आणि फवारून पुसलेली गाडी. या दोन चित्रांत किती गोष्टी बदलल्या? धूळ गेली, कापड फिरलं, आणि फवारा बसला. मग चमक कुणामुळे आली? हे ठरवायला आपल्याकडे अन्वय-व्यतिरेक सांगितलेला आहे: कारण असताना कार्य दिसलं पाहिजे आणि नुसतं कारण काढून घेतलं की कार्य दिसेनासं झालं पाहिजे. इंग्लंडात जॉन स्टुअर्ट मिलनं १८४३ साली हीच गोष्ट आपल्या पद्धतीनं मांडली. जाहिरातीत नेमकं तिसरं चित्र गाळलेलं असतं: नुसती पाण्यानं धुऊन स्वच्छ कापडानं पुसलेली गाडी.

ते चित्र आम्ही घरी काढलं. तुम्हीही काढा, खर्च काही नाही. बॉनेट नीट धुतलं, कोरडं केलं, मधोमध कागदी चिकटपट्टी लावली. एका बाजूला फवारून पुसलं, दुसरी बाजू नुसतीच तशाच कापडानं पुसली. पट्टी काढली आणि घरच्यांना बोलावलं. कुठली बाजू फवारलेली, हे बघून कुणालाही खात्रीनं सांगता आलं नाही! हात फिरवल्यावर कळलं, एक बाजू निसरडी होती. वरून मगभर पाणी टाकलं तेव्हा फवारलेल्या बाजूला थेंब झाले, दुसरीकडे पाणी पसरलं. चार-पाच धुण्यांनंतर तोही फरक गेला. ही एका गाडीची गोष्ट आहे, यावरून सगळ्या बाटल्यांचा निकाल लावू नका. पण आमच्यापुरतं उत्तर मिळालं: चमक बहुतेक धुण्याची, गुळगुळीतपणा बाटलीचा, आणि तोही काही आठवड्यांचा.

आता त्या थेंबांबद्दल. जाहिरातीत पाण्याचे मोती घरंगळताना दाखवतात आणि म्हणतात, बघा, संरक्षण! अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पण म्हणून अळी ते पान खायची थांबते का? पाणी न टिकणं हा एक गुण, ओरखडा न पडणं हा वेगळा गुण. एकावरून दुसऱ्याचं अनुमान होत नाही. उलट बोअरचं पाणी जड असेल आणि थेंब उन्हात तसेच वाळू दिले, तर प्रत्येक थेंबाच्या जागी क्षाराचा गोल पांढरा डाग राहतो. तेव्हा फवारा मारा किंवा न मारा, धुतल्यावर गाडी पुसून कोरडी करणं भागच आहे.

दुसरं, 'नऊ एच कठीणपणा'. हे ऐकून माणसाला वाटतं, हिऱ्याच्या खालोखाल! कारण शाळेत मोह्जची श्रेणी शिकलेली असते. तिच्यात हिरा १० आणि कुरुंद, म्हणजे माणिक-नीलमाचं खनिज, ९. पण हा 'नऊ एच' पेन्सिलीचा आहे. शिसपेन्सिली मऊपासून कठीणपर्यंत एकेक करून थरावर ओढायच्या आणि कुठल्या पेन्सिलीनं ओरखडा उठतो ते बघायचं, अशी ती रंगकामातली चाचणी. 'नऊ एच' म्हणजे कठीण पेन्सिल, कुरुंद नव्हे. आणि रस्त्यावरची वाळू, म्हणजे क्वार्ट्झ, मोह्जच्या श्रेणीत ७ वर आहे. ती पेन्सिलीच्या शिशापेक्षा कितीतरी कठीण. न्यायशास्त्रात याला वाक्छल म्हणतात. तिथलं नेहमीचं उदाहरणही नऊचंच आहे, हा योगायोग गमतीचा. कुणी म्हणतो, हा मुलगा 'नवकंबल' आहे, म्हणजे याची घोंगडी नवी आहे. दुसरा म्हणतो, कुठे आहेत नऊ घोंगड्या? तिथे ऐकणारा शब्द फिरवतो. इथे बाटलीवरचा शब्दच असा बेतलेला की आपण होऊन फिरावं.

मग कायदा काय म्हणतो? 'जगात भारी चमक' ही नुसती फुशारकी. तिच्यावरून कुणी कोर्टात जात नाही. पण 'दोन वर्षं टिकते' हा दावा झाला. १८९२ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयानं कार्बोलिक स्मोक बॉलच्या खटल्यात हा फरक दाखवला. आमचं औषध वापरून फ्लू झाला तर १०० पौंड देऊ, अशी जाहिरात कंपनीनं केली होती आणि त्यासाठी बँकेत १,००० पौंड ठेवल्याचंही छापलं होतं. एका बाईंनी वापरलं, त्यांना फ्लू झाला. कंपनी म्हणाली, ती आमची फुशारकी होती हो! न्यायालयानं ऐकलं नाही, पैसे द्यायला लावले.

आपल्याकडे ग्राहकांची चळवळ याच पुणे जिल्ह्यात रुजली. बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. आता २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, पुन्हा केलं तर ५० लाखांपर्यंत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा क्रमांक आहे. बाटलीवर मुदतीचा दावा असेल तर बिल आणि वेष्टन जपून ठेवा. 'लय भारी' असं लिहिलेलं असेल तर जपायची तसदी घेऊ नका.

एक मुद्दा मात्र या बाटल्यांच्या बाजूचा आहे आणि तो प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. तो म्हणजे पाणी. आपला पट्टा कमी पावसाचा, उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारा. नळी मिनिटाला दहा लिटर पाणी देत असेल आणि पंधरा मिनिटं चालू ठेवली, तर दीडशे लिटर गेलं. २०२४च्या मार्चमध्ये बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळानं पिण्याच्या पाण्यानं गाड्या धुण्यावर बंदी घातली, ५,००० रुपये दंड ठेवला. अशा दिवसांत 'पाण्याशिवाय स्वच्छ' हे ऐकायला पुण्यकर्मच वाटतं. पण नळी आणि बाटली यांच्या मधे बादली असते, हे जाहिरात सांगत नाही. दोन बादल्या घ्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत कापड पिळायला साधं पाणी. आधी मगानं पाणी ओतून धूळ खाली वाहू द्या, मग वरून खाली पुसत या. तीस-चाळीस लिटरांत गाडी निघते. सांडपाणी झाडाला घालू नका, शाम्पू आहे त्यात.

मग निष्कर्ष काय? भाच्याला सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. गाडी धुतलेली आहे आणि वरून थोडा गुळगुळीतपणा हवा आहे, तर बाटली घ्यायला हरकत नाही. साधी घ्या. हिशोब एका वेळचा करा: समजा ५०० मिलीची बाटली ४०० रुपयांना आहे आणि एका वेळी ३० मिली लागतं, तर सोळा वेळा होतं, एका वेळेला पंचवीस रुपये. तेवढ्याची ती वाटते का, ते तुम्ही ठरवा. धूळ, चिखल असलेल्या गाडीवर फवारून घासायची असेल, तर फुकट मिळाली तरी नको. ओरखडे घालवायला घेत असाल, तरी नको. ते आठवडाभर झाकले जातील, जाणार नाहीत. काच, ब्रेकच्या चकत्या आणि टायरचा रस्त्याला टेकणारा भाग यांच्यावर तर चुकूनही मारू नका, तिथे निसरडेपणा म्हणजे अपघात. गाडी रंगवायची असेल तर पेंटरला आधी सांगा, कारण सिलिकॉन राहिलं तर नव्या रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. आणि दाबाचा डबा असेल तर उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. त्यावर ५० अंशांची मर्यादा लिहिलेली असते आणि आपल्या मे महिन्यात बंद गाडी ती सहज ओलांडते.

शेवटी श्रोत्यांतून एक प्रश्न आलाय: "सर, गिऱ्हाईक गाडीत बसताना चमक बघतं. रोज धुवायला वेळ नाही. आम्ही काय करायचं?" प्रश्न रास्त आहे. पहाटे पाचला निघणाऱ्या माणसाला आम्ही दोन बादल्यांचं प्रवचन देणार नाही. आठवड्यातून एकदा नीट धुवा, हवं तर त्या दिवशी फवारा मारा. म्हणजे पुढे धूळ कमी धरते आणि लवकर निघते, एवढा उपयोग त्याचा आहे. रोज सकाळी फक्त काचा, आरसे आणि दाराच्या मुठी ओल्या कापडानं पुसा. बॉनेटवरची धूळ राहू द्या. कोरड्या कापडानं ती घासण्यापेक्षा राहिलेली बरी. गिऱ्हाइकाला धूळ समजते, त्याच रस्त्यानं तोही आलेला असतो. ओरखडे मात्र गाडी विकेपर्यंत तुमच्याबरोबर राहतात.