नेमबाजाचे कान

कोल्हापूरच्या मातीतील तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये विश्वविजेतेपद आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक ज्या क्रीडेत संपादन केले, त्या नेमबाजीकडे वळणाऱ्या मुलांच्या पालकांनी डोळ्यांइतकीच कानांचीही खबरदारी घेणे अगत्याचे आहे. कारण बंदुकीच्या बाराचा आवाज क्षणार्धात १४० डेसिबलांच्या घरात किंवा त्यापलीकडे जातो आणि त्याने अंतःकर्णातील ज्या सूक्ष्म केशपेशी नष्ट होतात, त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत.

साधे कर्णकवच बाराबरोबर प्रशिक्षकाचा ‘थांबा’ हा हुकूमही अडविते. इलेक्ट्रॉनिक कवचातील मायक्रोफोन मात्र बोलणे कानी पोहोचवितो आणि सुमारे ८५ डेसिबलांपुढील ध्वनी तत्काळ दाबतो. तरीही संरक्षणाचे मूळ काम कवचाची जाडी व गादीच करीत असल्याने बॅटरी संपली तरी ते कायम राहते.

खरेदीच्या वेळी खोक्यावरील ध्वनिरोधाचा आकडा वाचावाच, परंतु चष्म्याच्या दांडीमुळे गादीखाली बारीक फट राहिली तर तो आकडा कागदावरच राहतो, म्हणून चष्मा लावून आणि रायफलच्या दस्त्याला गाल टेकवून कवच पारखावे. बंदिस्त रेंजवर आत फोमचे बोळेही घालावेत. त्यांनी सुमारे ५ डेसिबलांचीच भर पडते, पण ती मोलाची असते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ध्वनिग्राहक कवच नेमबाजांना सामान्यतः वर्ज्य असल्याने सामन्यासाठी साध्या कवचाची तजवीज ठेवावी.

हुकलेले पदक पुन्हा मिळविता येते. गमावलेले श्रवण नाही.