स्मृती हरपलेल्यांचे घर

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव हे एक लहानसे स्थानक आहे. तेथील मुक्तिसदनाचे नाव आमच्या बहुतेक वाचकांनी ऐकलेले असेल. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांतातून आणिलेल्या निराधार स्त्रियांस व मुलींस पंडिता रमाबाईंनी येथे आसरा दिला आणि १८९८ साली मुक्तिसदन रीतसर उघडले. पुढे १९०० च्या सुमारास गुजराथेत दुष्काळ पडला, तेव्हा येथील माणसांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. तेथील शाळा, छापखाना व शेती यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस मात्र आज त्या विस्तारातील एका लहान भागाविषयी बोलावयाचे आहे. अंध स्त्रियांसाठी जसे तेथे बार्तिमी सदन होते, तसे वृद्ध व दुर्बल स्त्रियांसाठी प्रीतिसदन होते.

अंध स्त्रियांस रमाबाईंच्या कन्या मनोरमाबाई यांनी बोटांनी वाचावयाची ब्रेल लिपी शिकविली. जे इंद्रिय गेले त्याचा शोक करीत न बसता जे शिल्लक आहे त्यास उद्योग द्यावा, असे ते धोरण होते. डोळ्यांच्या बाबतीत हे समजणे सोपे आहे. परंतु जिची दृष्टी नव्हे, स्मृतीच गेली, अशा वृद्धेच्या बाबतीत काय करावे? प्रीतिसदन हे काही या एका व्याधीसाठी काढलेले घर नव्हते, आणि त्या काळी या व्याधीस आपल्याकडे व्याधी असेही कोणी म्हणत नसे. ‘म्हातारचळ लागला’, ‘साठी बुद्धी नाठी’ एवढे बोलून लोक मोकळे होत. आज आपण तिला स्मृतिभ्रंश म्हणतो. हा शब्द गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे खरा, परंतु तेथे तो क्रोधातून उपजणाऱ्या मोहाचे फळ म्हणून येतो. आम्ही ज्या व्याधीविषयी लिहीत आहो तिच्यात रोग्याचा काहीच अपराध नसतो.

जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथील वेड्यांच्या इस्पितळात १९०१ साली ऑगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. पतीचे नाव विचारता ती स्वतःचेच नाव सांगे. १९०६ साली ती वारल्यावर डॉक्टर आलोइस आल्त्सहायमर यांनी तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांस पेशींच्या बाहेर चिकट पुंज व पेशींच्या आत गुंतलेले तंतू दिसले. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा रोग हे स्मृतिभ्रंशाचे सर्वांत मोठे कारण होय. मेंदूतील रक्तवाहिन्या बंद पडत गेल्यानेही स्मृतिभ्रंश होतो. थायरॉईडचा दोष, ब१२ जीवनसत्त्वाची उणीव, मनाची खिन्नता किंवा एखादे औषध यांमुळेही माणूस विसराळू होतो, आणि ती कारणे बहुधा दूर करता येतात. म्हणून प्रथम वैद्यकीय तपासणी करून घ्यावी; वय झाले म्हणून स्वस्थ बसू नये. खऱ्या स्मृतिभ्रंशास समूळ बरे करणारे औषध अद्याप निघालेले नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील माणसांपैकी शेकडा ७.४, म्हणजे सुमारे ८८ लाख लोक या व्याधीने ग्रस्त आहेत. त्यांत पुरुषांपेक्षा स्त्रियांचे आणि शहरांपेक्षा खेड्यांचे प्रमाण अधिक आहे.

विद्यार्थ्यांनी दुकानातील रोजकीर्द व खतावणी पाहिली असेल. या व्याधीत रोजकीर्द लिहिणारा कारकून प्रथम काम सोडून जातो. जुन्या खतावण्या पुष्कळ काळ शाबूत राहतात. म्हणून आजी सकाळी जेवली हे विसरते, परंतु माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या हे तिला आठवते. एकच प्रश्न ती दहा वेळा विचारते, कारण तिच्यापुरता तो प्रत्येक वेळी पहिलाच असतो. तिला हसणाऱ्या नातवाने एवढे लक्षात घ्यावे. सर्वांत शेवटपर्यंत टिकतात त्या बालपणी बोललेली भाषा, गाणी व हातांच्या सवयी. लेकराचे नाव विसरलेली बाई जात्यावरची ओवी अडखळल्यावाचून म्हणते, आणि उपासना संगीतातील एखादे गीत सुरू झाले की न बोलणारा म्हाताराही त्यात सूर मिसळतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी काढलेले चांगले घर या शिल्लक ठेवीवर चालते. ते इस्पितळासारखे नसते. हॉलंडात ॲम्स्टरडॅमनजीक वेस्प येथे २००९ साली होगेवाइक नावाची एक वसाहतच उभारण्यात आली. तीत सहा-सात माणसांचे एक घर, अशी अनेक घरे, मध्ये चौक, रस्ता व वाणसामानाचे दुकान. माणसे मोकळी हिंडतात. बाहेर जाण्याचे दार मात्र एकच, आणि तेथे लक्ष असते. एवढा खर्च आपल्याकडे कोण करणार, असे कोणी म्हणेल. परंतु त्यातील पुष्कळ गोष्टींना पैसा लागत नाही, विचार लागतो. उदाहरणार्थ, दारावर नावाच्या पाटीबरोबर त्या व्यक्तीचे तरुणपणीचे छायाचित्र लावावे, कारण आरशातील पांढऱ्या केसांची बाई तिला परकी वाटते. शौचकूपाचे दार ठळक रंगाचे असावे. जमिनीवर काळी सतरंजी नसावी. क्षीण दृष्टीस ती खड्ड्यासारखी दिसते आणि पाऊल पुढे पडत नाही. पांढऱ्या ताटात दहीभात वाढला तर तो दिसतच नाही, आणि ‘जेवत नाहीत’ अशी तक्रार होते. ताट रंगीत घेतले की घास उचलला जातो. दिवेलागणीस अशा रोग्यांची तगमग वाढते, म्हणून संध्याकाळ होण्यापूर्वीच दिवे लावावेत. अंगणातील वाट फिरून पुन्हा दाराशी येणारी असावी, म्हणजे भटकणारा माणूस हरवत नाही व त्यास अडवावेही लागत नाही.

सर्वांत कठीण काम बोलण्याचे आहे. ऐंशी वर्षांची बाई दुपारी विचारते, ‘आई शेतावरून आली का?’ आई वारून पन्नास वर्षे झाली, हे खरे उत्तर तिला दिले तर तिच्यावर तो आघात आजच होतो, आणि उद्या पुन्हा होतो. शिकलेली परिचारिका तसे करीत नाही; ती खोटे वचनही देत नाही. ती जवळ बसून म्हणते, ‘तुमची आई शेतात काय काय पिकवायची हो?’ घटका अर्धी घटका ज्वारी-बाजरीच्या गोष्टी होतात, आणि प्रश्नामागची भीती निवते. सत्य बोलावे असे शिकविणाऱ्या आम्हा शिक्षकांस हे प्रथम रुचले नाही. परंतु येथे प्रश्न माहितीचा नसून धीराचा आहे, हे पटल्यावर आमचा आक्षेप गळाला. अशी सेवा रोज नवा चेहरा येऊन होत नाही. तीच माणसे, तीच वेळ, तोच क्रम लागतो. आणि हातांस काम हवेच. वाती वळणे, शेंगा सोलणे, तांदूळ निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे. निवडलेले तांदूळ पुन्हा निवडावयास दिले तरी चालेल. टोपलीत किती पडले याला महत्त्व नाही. आपण घरात उपयोगाच्या आहो ही जाणीव तिला मिळते, याला आहे.

आता पालकवर्गाशी दोन शब्द. ‘आईला आश्रमात टाकले’ हा आपल्या समाजातील मोठा दूषणशब्द आहे, आणि पुष्कळ ठिकाणी तो रास्तही आहे. परंतु हे दूषण देणारे रात्री जागावयास येत नाहीत. आमच्या शिरूर-दौंड भागात मुलगा रांजणगाव किंवा कुरकुंभ येथील कारखान्यात पाळीवर असतो आणि एकटी सून दिवसभर पाहते: सासूबाई दार उघडून रेल्वेच्या रुळाकडे तर गेल्या नाहीत ना, चूल पेटती राहिली नाही ना. तिची झोप जाते, मग शांती जाते, आणि एखाद्या दिवशी हातही उगारला जातो. घरी सेवा होऊ शकते तोवर घरासारखे स्थान नाही, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु जेथे सेवा करणारीच कोलमडते, तेथे चांगल्या निवासाचा आधार घेणे हा त्याग नव्हे. ज्या घरात सासूबाईंना खोलीत कोंडून ठेवितात, ते घर बाहेरच्या निवासाहून प्रेमळ कसे म्हणावे?

मात्र असे निवास थोडे आहेत. केरळात १९९२ साली या व्याधीसाठी एक अखिल भारतीय संस्था स्थापन झाली, आणि तेव्हापासून देशात या कामास काही वळण लागले. महाराष्ट्रात मुंबईच्या डिग्निटी फाउंडेशनने नेरळ येथील आपल्या ज्येष्ठांच्या वसाहतीत अशा रोग्यांचीही सोय केली. खाजगी निवास पुण्या-मुंबईकडे निघाले आहेत, परंतु त्यांचे मासिक शुल्क शेतकऱ्यास अथवा शिक्षकास झेपणारे नसते. आमच्या मते प्रत्येक तालुक्याच्या गावी निदान दिवसा सांभाळ करणारे एक घर हवे. त्याला वाडे नकोत, दोन शिकलेल्या बाया आणि एक सुरक्षित अंगण पुरे.

निवास निवडताना छापील पत्रकावर जाऊ नये. न कळविता जेवणाच्या वेळी जावे. मूत्राची दुर्गंधी येते काय, कोणास खुर्चीला बांधले आहे काय, रात्री किती माणसांमागे किती सेविका असतात, हे पाहावे व विचारावे. रोग्यास झोपेची औषधे कोणाच्या सल्ल्याने देतात, हेही विचारावे. आणि चालकांनी आपल्याला काय विचारले, याकडे विशेष लक्ष द्यावे. आईला घरी काय म्हणून हाक मारीत, चहात साखर किती, ती कोणत्या कुशीवर झोपते, असे प्रश्न ज्या घरी विचारतात ते घर बहुधा चांगले निघते.

भेटीस जावयाचे तर दुपार कलण्यापूर्वी जावे. संध्याकाळी तगमग असते. ‘मला ओळखलेस का?’ असे विचारू नये. ती परीक्षा आहे, आणि तीत तिला नापास करून आपण परत येतो. जवळ बसून आपले नाव आपणच सांगावे: ‘आई, मी तुझी धाकटी.’ तिच्या सवयीचे केसांचे तेल बरोबर न्यावे, हळूहळू केस विंचरावे, वेणी घालावी. मुलांनाही न्यावे. बोलण्यासारखे काही उरले नाही तर तिला ठाऊक असलेले एखादे गाणे म्हणावे, आणि ती म्हणू लागली तर मध्येच थांबवू नये.