कबुतर, दाणा आणि ब्रेकअप

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा हाफ-फ्राय आहे, सांभाळून घ्या. पण हा विषय मराठीतच लिहायचाय, कारण हॉस्टेलवर रात्री अडीच वाजता आपण रडतो ते मराठीतच!

गेल्या वर्षी माझं ब्रेकअप झालं. तो आपल्या कॉलेजचा नाही. त्याला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसॉर्डर, म्हणजे बीपीडी, असल्याचं डॉक्टरांनी निदान केलं होतं. हे बॉर्डरलाइन म्हणजे काठावर पास होणं नव्हे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 'डीएसएम' या पुस्तकात १९८० साली या आजाराची नोंद झाली. आज त्यात नऊ लक्षणं आहेत, निदानासाठी किमान पाच लागतात. जवळचं माणूस सोडून जाईल ही प्रचंड भीती, आज देव तर उद्या राक्षस वाटणारी माणसं, क्षणात बदलणारे मूड, स्वतःला इजा करणं, आतलं रिकामपण... ही त्यातली काही. त्यामुळे प्लीज, कुणी भांडखोर असेल तर लगेच 'बॉर्डरलाइन' म्हणून मोकळे होऊ नका. ते डॉक्टरांचं काम.

मग इतका त्रास होऊनही आठवण का येते? स्किनर नावाच्या शास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले. टोचल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबुतर लवकर नाद सोडतं. पण दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर ते कितीतरी वेळ टोचतच राहतं. माझंही तेच! सोमवारी मी जगातली बेस्ट मुलगी, मंगळवारी फोन कट. तो हे मुद्दाम करत नव्हता, त्यालाही त्रासच होत होता. पण एक लक्षात घ्या, खूप आठवण येते म्हणजे परत जायला हवं असं सिद्ध होत नाही. आणि प्रेम खोटं होतं असंही नाही.

कंट्रोल सिस्टिम्समधली अंडरडॅम्प्ड सिस्टिम आठवा. हेलकावे खाते, पण हळूहळू शांत होते. मात्र प्रत्येक 'सहज केलेला' फोन म्हणजे नवा इनपुट! म्हणून मी एकदाच स्पष्ट सांगून संपर्क थांबवला. वहीत चांगले आणि वाईट, दोन्ही दिवस लिहून काढले, कारण मन फक्त चांगलेच दाखवतं. मेसचं जेवण आणि झोप चुकवली नाही.

'मी जीव देईन' असा मेसेज आला तर? तो खराच समजायचा, पण एकटीने धावायचं नाही. लगेच त्याच्या घरी कळवायचं. हॉस्टेलवरचं कुणी असेल तर रेक्टरना उठवायचं. ही चहाडी नाही.

आणि अपराधी वाटत असेल तर ऐका. मार्शा लिनेहान यांनी डीबीटी ही उपचारपद्धती शोधली, आणि तरुणपणी आपणही अशाच यातना भोगल्याचं २०११ साली जाहीर सांगितलं. उपचारांनी पुष्कळ जण सावरतात. पण ते उपचार थेरपिस्टने द्यायचे असतात, गर्लफ्रेंडने नाही.

सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन २०२२ पासून आहे. १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. नंबर सेव्ह करा. स्वतःसाठी नाही तर रूममेटसाठी!