माप मोठे, धान्य तेवढेच
ओपेथच्या ध्वनिसंग्रहातून उमगणारी पारख

मालाची प्रत वेष्टनावरून ठरत नाही, ती पारखून घ्यावी लागते. व्यापारातील हा जुना नियम संगीतसंग्रहालाही लागू पडतो. स्वीडनच्या 'ओपेथ' या प्रोग्रेसिव्ह मेटल बँडचे अल्बम उत्तमोत्तम ध्वनिस्वरूपांत जमवणाऱ्या रसिकांना त्याचा वारंवार प्रत्यय येतो.

१९९० मध्ये स्टॉकहोम येथे स्थापन झालेल्या या बँडच्या अनेक रचना दहा मिनिटांहून दीर्घ आहेत. अकूस्टिक गिटारचे हळुवार सूर चालू असतानाच अकस्मात ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटारचा गडगडाट उसळतो. मंद आणि तीव्र आवाजांतील हे अंतर या संगीताचा प्राण होय. मात्र १९९० च्या दशकापासून सीडी अधिकाधिक मोठ्याने वाजावी यासाठी ध्वनिमुद्रण व्यवसायात चढाओढ वाढली. उंच आवाज दाबून एकूण पातळी वर उचलली जाऊ लागली आणि नेमके ते अंतरच आक्रसले.

येथे आकड्यांचा मोह आवरावा लागतो. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ध्वनीचे ४४,१०० नमुने १६ बिटमध्ये नोंदलेले असतात आणि मानवी कानाच्या सुमारे २०,००० हर्ट्झच्या मर्यादेसाठी ते पुरेसे ठरतात. एमपी३ मध्ये ध्वनीचा काही अंश कायमचा गाळला जातो, तर २००१ मध्ये आलेल्या फ्लॅक स्वरूपात काहीही न गमावता फाइल लहान होते. परंतु मूळ मास्टरच दाबलेला असेल, तर २४ बिटची महागडी फाइल तोच दबलेला आवाज इमानाने ऐकवते. माप मोठे घेतल्याने धान्य वाढत नाही.

याउलट उदाहरणही ओपेथच्याच संग्रहात सापडते. 'डिलिव्हरन्स' (२००२) आणि 'डॅम्नेशन' (२००३) हे अल्बम एकाच काळात ध्वनिमुद्रित झाले. पहिला रौद्र, दुसरा शांत. २०१५ च्या आवृत्तीसाठी पहिल्याचे ब्रूस सूर्ड यांनी, तर दुसऱ्याचे स्टीव्हन विल्सन यांनी नव्याने मिश्रण केले. सोबतच्या डीव्हीडीवर ५.१ वाहिन्यांचे रूपही देण्यात आले. केवळ वेष्टन बदलले नव्हते. प्रत्येक वाद्याचे स्थान आणि वजन पुन्हा जोखले गेले होते. तरीही जाणते संग्राहक मूळ सीडी काढून टाकत नाहीत, कारण त्या काळी बँडने श्रोत्यांच्या हाती दिलेले रूप तेच होते.

खरेदीपूर्वी म्हणून तीन प्रश्न विचारावेत: मास्टर कोणी व कोणत्या वर्षी केला? मिश्रण मूळ आहे की नवे? फाइल मूळ मास्टरवरून केली आहे की एमपी३ वरून? एमपी३ चे फ्लॅक केल्याने गाळलेला ध्वनी परत येत नाही. दोन आवृत्त्यांची तुलना करताना आवाजाची पातळी समान ठेवावी. अन्यथा मोठा वाजणारा तराजू नेहमीच जड भासतो. विकत घेतलेल्या फाइलींच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि प्रत्येक आवृत्तीची नोंद वहीत करावी.

संग्रहाची श्रीमंती कपाटातील आवृत्त्यांच्या संख्येवर ठरत नाही. प्रत्येक आवृत्ती का घेतली, हे ज्याला कानाच्या साक्षीने सांगता येते, त्याचाच संग्रह खऱ्या अर्थाने समृद्ध.