इवल्या जिवांसाठी पायपीट

अमेरिकेत वसंत ऋतू आला की अनेक शहरांतून माणसांची एक रांग चालायला निघते. मोर्चा म्हणावा तर कुणाचा निषेध नाही, दिंडी म्हणावी तर पुढे देव नाही. चालणाऱ्यांत आईबाप पुष्कळ. कुणाच्या सदऱ्यावर मुठीएवढ्या बाळाचा फोटो छापलेला. कुणाचं फोटोतलं बाळ आता मोठं होऊन शेजारी उड्या मारत असतं, तर कुणाचं फोटोतच राहिलेलं असतं. दिवस पुरे होण्याआधी जन्मणाऱ्या बाळांसाठी पैसा उभा करायची ही चाल. १९७० साली टेक्सासमधल्या सॅन अँटोनियो आणि ओहायोतल्या कोलंबस या शहरांत ती सुरू झाली. तेव्हा नाव होतं ‘वॉकअमेरिका’. २००८ पासून ‘मार्च फॉर बेबीज’.

अशा चालीची जुनी रीत मोठी गमतीची. निघण्याआधी शेजारीपाजारी, नातलग, कचेरीतली माणसं यांच्याकडे कागद फिरवायचा. “मी चालते, तुम्ही मैलामागे काय द्याल ते लिहा.” नुसती वर्गणी मागायला आपल्याला कसं ओशाळल्यासारखं होतं! इथे मागणाराच आधी पाय दुखवून घेतो, म्हणून नाही म्हणणं जड जात असावं.

हे चालवणारी ‘मार्च ऑफ डाइम्स’ ही संस्था १९३८ ची. डाइम म्हणजे दहा सेंटांचं नाणं, तिकडची चिल्लर. पोलिओने पाय गेलेले राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांनी ती स्थापन केली आणि लोकांनी पाकिटांतून लाखो डाइम पाठवले. साल्क यांची पोलिओची लस १९५५ मध्ये आली, तिच्यामागे हीच चिल्लर होती. पुढे संस्थेने नवजात बाळांकडे मोर्चा वळवला.

त्याची गरज किती होती पाहा. ऑगस्ट १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी जन्मला, श्वास घेता येईना, दोन दिवसही जगला नाही. सत्ता, पैसा, डॉक्टर, सगळं हजर, औषधच नव्हतं. फुप्फुसातले बारीक फुगे श्वास सोडताना मिटून चिकटू नयेत म्हणून शरीर आतून एक साबणासारखा लेप तयार करतं. लवकर आलेल्या बाळात तो पुरेसा नसतो, हे डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्ये दाखवलं होतं. तो लेप बाहेरून देता येतो, हे जपानच्या डॉ. फुजिवारा यांनी सिद्ध करायला १९८० उजाडलं. या संशोधनाला चालणाऱ्यांच्या संस्थेचाही हातभार लागला.

पण सगळंच पैशाने होतं असं नाही हं! १९७८ मध्ये कोलंबियात, बोगोटाच्या इस्पितळात काचेच्या पेट्या पुरेनात, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी बाळं आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सांगितली. अंगात फक्त टोपडं आणि लंगोट, वरून पांघरूण. हीच ‘कांगारू’ पद्धत. वडील, आजी, मावशी कुणीही आळीपाळीने हे करू शकतं. आणि आईला दूध कमी असेल तर? आपल्या मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी काढली, आशियातली पहिली. एकीचं जास्तीचं दूध दुसरीच्या बाळाला!

आपल्या घरांत मात्र अजून ऐकू येतं, “सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही.” साफ खोटं! पोटात काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या कामी येतो. “जिने चढलीस म्हणून झालं,” हेही बाळंतिणीला ऐकवू नये. पुष्कळदा कारण डॉक्टरांनाही सापडत नाही. आणखी एक. दोन महिने आधी आलेलं बाळ पालथं कधी पडेल, बसेल कधी, हे जन्मतारखेवरून नव्हे, डॉक्टरांनी दिलेल्या मूळ तारखेवरून मोजायचं. साधारण दोन वर्षांचं होईपर्यंत हाच हिशेब धरतात. शेजारणीच्या नातवाशी तुलना तोवर बाजूला ठेवावी.