पाठीमागे खूण न ठेवणारा ब्राउझर

इंटरनेटवरील कोणतेही संकेतस्थळ पाहावयाचे म्हणजे ब्राउझर नावाच्या आज्ञावलीचे साहाय्य घ्यावे लागते. बहुसंख्य लोकांच्या मोबाइलमध्ये तो खरेदीच्या वेळीच बसविलेला असतो आणि त्याच्या जोडीला दुसरा घेता येतो, हे पुष्कळांच्या गावीही नसते. ब्राउझर हा वाचकाचा सेवक खरा. परंतु हा सेवक मोठ्या दांडग्या स्मरणशक्तीचा आहे. कोणते पान केव्हा उघडले, काय शोधले, कोठे नाव-पत्ता भरला, हे सर्व तो टिपून ठेवतो. एरवी त्याची सोयच होते. पण एकच मोबाइल घरातील चार माणसांच्या हाती फिरत असेल आणि त्यांपैकी एखादीने क्षयरोगाची लक्षणे, गर्भपातासंबंधीचा कायदा किंवा घरातील छळाविरुद्ध दाद कोठे मागावी, याचा शोध घेतला असेल, तर हीच स्मरणशक्ती तिच्या जिवावर उठू शकते. पुढच्या माणसाने पहिले अक्षर टाइप करताच जुना शोध आपोआप डोळ्यांपुढे येतो.

ही झाली हातातल्या यंत्राची स्मरणशक्ती. दुसरी स्मरणशक्ती यंत्राबाहेर, दूरच्या कंपन्यांपाशी असते व ती समजण्यास ‘कुकी’ म्हणजे काय हे पाहावे लागेल. मुळात संकेतस्थळाला वाचकाची ओळख राहत नाही. त्याच्या लेखी प्रत्येक विनंती नवीच असते. ही अडचण दूर करण्यासाठी नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली या अभियंत्याने १९९४ मध्ये कुकीची युक्ती काढली. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर क्रमांकाचा बिल्ला मिळतो, तसाच हा प्रकार होय. संकेतस्थळ ब्राउझरला एक क्रमांक देते. पुढील भेटीत ब्राउझर तो दाखवितो आणि वाचकाची ओळख पटते. यात वावगे काही नाही. परंतु गावोगावच्या सर्व देवळांबाहेर एकाच ठेकेदाराची माणसे बसली आणि त्यांनी सगळीकडे एकच बिल्ला चालविला, तर कोणता भाविक कोणत्या दिवशी कोणत्या देवळात गेला, याची वही त्या ठेकेदारापाशी आपसूक तयार होईल. जाहिरात कंपन्यांनी नेमके हेच केले. वर्तमानपत्राच्या, औषधांच्या व नोकरीच्या संकेतस्थळांवर त्यांच्या जाहिराती व अदृश्य मोजणी-यंत्रणा बसलेल्या असतात. वाचक या कंपन्यांच्या दारी कधी गेलेला नसतो, तरी त्यांच्या वहीत त्याचे पान असते.

या प्रथेस आळा घालण्याचे प्रयत्न झाले आहेत. सफारी या ब्राउझरने २०२० मध्ये अशा परक्या कुकी सरसकट अडविल्या. फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगवेगळ्या डब्यांत बंद केल्या. गूगलने क्रोमसाठी २०२० मध्ये असाच मनोदय जाहीर केला होता. २०२४ मध्ये तो मागे घेण्यात आला. ज्या कंपनीचे मुख्य उत्पन्न जाहिरातींतून येते, तिच्याकडून याहून वेगळी अपेक्षा करणे कठीणच होते.

अशा परिस्थितीत मुद्दाम कमी काम करणारा ब्राउझर उपयोगी पडतो. मोझिलाचा ‘फायरफॉक्स फोकस’ हे त्याचे ठळक उदाहरण. तो आयफोनवर नोव्हेंबर २०१६ मध्ये व अँड्रॉइडवर जून २०१७ मध्ये आला. त्याचे मुख्य पान जवळजवळ कोरे असते. बातम्यांची गर्दी नाही, परवलीचे शब्द जपण्याची सोय नाही, इतिहासाची यादी नाही. जाहिरातींच्या व मोजणीच्या ज्ञात यंत्रणांची एक यादी त्याच्याजवळ असते व तिच्यातील पत्त्यांकडे जाणारी मागणी तो अडवितो. जे मागविलेच जात नाही ते उतरवूनही घ्यावे लागत नाही. त्यामुळे पाने हलकी होतात, व मोजूनमापून डेटा वापरणाऱ्यास हा लाभ लहान वाटणार नाही. पडद्यावरील केराच्या टोपलीचे बटण दाबताच त्या बैठकीतील इतिहास व कुकी पुसल्या जातात. मात्र बटण न दाबता मोबाइल तसाच दुसऱ्याच्या हाती दिल्यास उघडलेले पान त्याला दिसू शकते. मुख्य पानावर स्वतःहून जोडलेले दुवे आणि उतरवून घेतलेल्या फाइलीही पुसल्या जात नाहीत. एखादे संकेतस्थळ नीट चालेनासे झाले, तर तेवढ्यापुरता हा अटकाव उठविता येतो.

इतर ब्राउझरांतही ‘गुप्त’ खिडकी असते, मग याची गरज काय, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. ती खिडकी मुख्यतः यंत्रातील खुणा पुसते. बाहेरच्या वह्यांना ती फारसा पायबंद घालतेच असे नाही. याच मुद्द्यावर अमेरिकेत कॅलिफोर्नियातील न्यायालयात २०२० मध्ये गूगलविरुद्ध दावा दाखल झाला आणि २०२४ मधील तडजोडीत कंपनीने अशा वापराच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे मान्य केले.

फोकसकडून भलत्या अपेक्षा मात्र ठेवता कामा नयेत. इंटरनेट सेवा पुरविणाऱ्या कंपनीला वाचक कोणत्या संकेतस्थळाशी जोडला गेला हे सामान्यतः कळतेच. वाचकाने आपल्या नावाने खाते उघडून प्रवेश केला, तर ते संकेतस्थळ त्याला ओळखणारच. पडद्याचा आकार, भाषा, घड्याळाची वेळ अशा बारीकसारीक गोष्टी जुळवूनही यंत्र ओळखता येते. ठावठिकाणाच लपवावयाचा असेल, तर तीन टप्प्यांतून संदेश फिरविणारा टॉर ब्राउझर आहे. परंतु तो बराच संथ चालतो.

मोझिलाही या व्यवहारापासून सर्वस्वी अलिप्त नाही. तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग शोधयंत्रांशी, मुख्यत्वे गूगलशी, झालेल्या करारांतून येतो. जर्मन भाषकांसाठी हाच ब्राउझर ‘क्लार’ या नावाने निघाला, कारण ‘फोकस’ नावाचे एक साप्ताहिक तेथे होतेच. त्यात वापराची माहिती मोझिलाला पाठविणारी कळ मुळातच बंद ठेवण्यात आली. इतरत्र ती वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन स्वतः बंद करावयाची असते. शोधयंत्रही तेथेच बदलता येते.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व माहिती गोळा करणाऱ्यांवरील प्रमुख बंधने अमलात येण्यासाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. केराच्या टोपलीचे बटण दाबण्यास अशी मुदत लागत नाही.